चौदा कोटांचा वर्ग

सोमवार, ३ फेब्रुवारी

घरातील नळ एकाच आठवड्यात तीन ठिकाणी फुटल्यामुळे आजपासून पाच-सहा आठवडे धाकटीकडे मुक्काम. धाकटी म्हणजे माझी सख्खी बहीण. वय एकावन्न, व्यवसाय शिवणकाम, स्वभाव बडबडा. दोन पेट्या ग्रंथ, एक पेटी खडकांचे नमुने व एक लहान बॅग घेऊन मी दारात उभी राहिले, तेव्हा तिचे स्वागतपर भाषण असे होते : "ताई, दगड आणलेस आणि टॉवेल विसरलीस ना?" टॉवेल विसरले होते हे खरे, परंतु तो मुद्दा नव्हता.

मुद्दा विभागप्रमुखांच्या पत्राचा आहे. हे गृहस्थ एके काळी माझेच विद्यार्थी होते आणि मागच्या बाकावर बसून बिस्किटे खात. आता ते मला लेखी कळवतात की, वर्गात अवघे सहा विद्यार्थी उरल्यामुळे माझा 'खडकांची ओळख' हा अभ्यासक्रम यापुढे छत्तीस स्लाइडच्या स्वरूपात, प्रत्येक स्लाइडवर माझे निवेदन ध्वनिमुद्रित करून, घरबसल्या शिकणाऱ्यांसाठी खुला करण्यात येईल. नावनोंदणी ५ फेब्रुवारी ते १४ मार्च. किमान चाळीस नावे आली नाहीत, तर अभ्यासक्रम कायमचा बंद. अठ्ठावीस वर्षे मी तो शिकवला. एका परिपत्रकाच्या सातव्या कलमात तो संपू शकतो.

आणि प्रवेशासाठी वयाची वा शिक्षणाची कोणतीही अट नाही! म्हणजे कोणीही उठावे आणि खडक शिकावे. जेवताना मी हे संतापाने धाकटीला सांगितले. तिने घास हातातच ठेवला. "कोणीही म्हणजे अगदी कोणीही?" तिलाही ती गोष्ट खटकली, हे पाहून बरे वाटले.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

बैठकीच्या खोलीत पहिली स्लाइड मुद्रित केली व ऐकली. विहिरीत पडलेली एक बाई मदतीसाठी हाका मारायच्या सोडून खडकांचे वर्गीकरण सांगते आहे, असा एकंदर परिणाम. स्वयंपाकघरात फ्रीज गुरगुरतो. न्हाणीघराबद्दल काही लिहीत नाही.

शेवटी शिवणखोली. तीन भिंतींना कापडाचे तागे, मध्ये कापायचे टेबल, कोपऱ्यात मशीन आणि आडव्या दांडीवर लोंबणारे अर्धवट कोट. एका हौशी बँडचे चौदा गणवेश शिवायचे काम तिने घेतले आहे : लाल कोट, पितळी बटणे, खांद्यांवर झुपके. अभिरुचीबद्दल मी मत दिले नाही. परंतु या खोलीत टाळी वाजवली की ती जागच्या जागी विझते. सगळे कापड गिळून टाकते.

अडचण एकच : मशीन. त्यावर तह झाला.

"चार ते सहा मशीन बंद," धाकटी म्हणाली. "पण मी खोलीतून हलणार नाही. हातशिलाई आहे मला. काजं, अस्तर, बटणं."

"एक शब्दही बोलायचा नाही."

"तोंडात टाचण्या धरते. मग तर झालं?"

गुरुवार, ६ फेब्रुवारी

पहिल्या स्लाइडचे एकतीस प्रयत्न. चौथ्यात माझा श्वास ऐकू आला, नवव्यात खुर्ची, अठराव्यात 'स्फटिक' या शब्दाचा आरंभ पुरेसा स्पष्ट नव्हता. धाकटी टाचण्या धरून मुकाट बसली होती. एकतिसाव्या प्रयत्नानंतर तिने टाचण्या एकेक करून उशीत खोचल्या आणि म्हणाली, "ताई, मला पाठ झालं सगळं. उद्या तुझा घसा बसला तर मी म्हणून टाकीन." आणि खरोखरच म्हणून दाखवले, एकही शब्द न गाळता. अर्थात ही घोकंपट्टी. समजणे निराळे.

काल सकाळी तिने अर्ध्या तासासाठी माझा संगणक मागून घेतला होता. बटणांचे नमुने पाहायचे होते म्हणे. परत दिला तेव्हा कळफलकाच्या कळाकळांत शिंप्याच्या खडूची पांढरी पूड! पुसायला मला दहा मिनिटे लागली. बटणे निवडायला इतके काय लिहावे लागते, देव जाणे.

सोमवार, १० फेब्रुवारी

सात स्लाइड पूर्ण झाल्या आणि सातही बाद झाल्या.

विभागातील तंत्रज्ञ मुलीचा फोन आला. "मॅडम, प्रत्येक स्लाइडचे शेवटचे शब्द कापले जातायत. तुम्ही बोलता बोलताच पुढे जाता. स्लाइड बदलत असताना रेकॉर्डिंग होत नाही." हे मला कोणीही सांगितले नव्हते. (सूचनापुस्तिकेच्या चौथ्या पानावर ते आहे. मी पाचव्या पानापासून वाचले होते. पहिली चार पाने 'अगदी नवख्यांसाठी' होती.) परिणामी माझे निवेदन असे झाले आहे : "ग्रॅनाइट पृथ्वीच्या पोटात अतिशय", आणि पुढची स्लाइड. अतिशय काय, ते विद्यार्थ्याने आपापल्या कुवतीनुसार ठरवावे.

मी डोके धरून बसले होते. धाकटीने एका कोटाची बाही उलटी करून माझ्या नाकासमोर धरली.

"ही शिवण बघ. पलीकडे हे बोटभर कापड फुकट सोडलंय असं वाटतं ना? याला माया म्हणतात. काठाला लागून शिवलं की पहिल्यांदा हात वर केला की उसवतं. तू अगदी काठाला लागून बोलतेस. आधी जरा गप्प बस, मग बोल, मग परत जरा गप्प बस. आणि मग दाब तुझं बटण."

सातही स्लाइड त्या पद्धतीने पुन्हा केल्या. एकही शब्द गेला नाही. सायंकाळी तंत्रज्ञ मुलीला ही पद्धत मी सविस्तर समजावून सांगितली. ती फारच प्रभावित झाली. कोणाकडून शिकले ते तिने विचारले नाही, त्यामुळे सांगण्याचा प्रश्न उद्भवला नाही.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

भांडण.

बाराव्या स्लाइडनंतर धाकटी म्हणाली, "एक बोलू?"

"टाचण्या?"

"संपल्या. ताई, पडद्यावर जे लिहिलंय तेच तू वाचतेस. अक्षरन् अक्षर. अगं, मला वाचता येतं! माझं वाचून होतं आणि मग मी तू येईपर्यंत तिथे ताटकळत बसते. त्या दगडाकडे बघायला सवडच मिळत नाही."

मी म्हणाले, ज्या व्यक्तीने नववीत शाळा सोडली तिने अध्यापनपद्धतीवर मत देऊ नये.

ती चिडेल असे वाटले होते. ती फक्त "बरोबर आहे" म्हणाली आणि मशीन सुरू केले. साडेचार वाजले होते. तहाचा उघड भंग. मी निषेध नोंदवला नाही.

नोंद पूर्ण असावी म्हणून लिहिते. ती नववीत असताना तिला मीच शिकवत असे. ती चौदा वर्षांची, मी वीस. अग्निज खडकाची व्याख्या पाचव्यांदा चुकली, तेव्हा मी तिची वही खिडकीतून बाहेर फेकली. खाली चिखलाचे डबके होते, हा माझा दोष नव्हे. त्यानंतर काही महिन्यांत ती शिवणवर्गाला जाऊ लागली. तिला अभ्यासाची गोडीच नाही, असे घरात सर्वांनी मान्य केले. सर्वांत आधी मी.

हे आज का आठवले, कोण जाणे.

सोमवार, १७ फेब्रुवारी

सकाळी तिच्या उशीवरच्या पंधरा सुयांत दोरा ओवून ठेवला. तिला आता जवळचे नीट दिसत नाही, मला दिसते. यात क्षमायाचनेचा काही भाग नव्हता, निव्वळ श्रमविभागणी. तिने सुया पाहिल्या, माझ्याकडे पाहिले आणि चहात साखर न विसरता घातली. शनिवार-रविवारी ती विसरत होती.

दोन दिवसांच्या स्वतंत्र चिंतनानंतर मी या निष्कर्षाला आले आहे की, स्लाइडवरील सर्व मजकूर काढून टाकावा. चित्र तेवढे राहावे. सांगायचे ते मी सांगेन.

त्याप्रमाणे तेरावी स्लाइड केली. खडकाचा कापून, घासून, केसाइतका पातळ केलेला काप आणि तो विशिष्ट प्रकाशात भिंगाखाली दिसतो तसा : निळा, केशरी, जांभळा, जणू कोणी काचांचे तुकडे सांडले आहेत. धाकटी माझ्या खांद्यावरून वाकून पाहत राहिली.

"हे दगडात असतं?"

"तू दाराला अडसर म्हणून जो काळा दगड लावतेस ना, त्याच्या आत."

ती उठली, तो दगड घेऊन आली आणि मांडीवर ठेवून बसली. मग हातातला खडू पुढे केला. "आणि हा?"

"तोही खनिजच. शंखजिरे. नखाने ओरखडा उठतो इतके मऊ."

"म्हणजे सदतीस वर्षं तुझाच विषय बोटांत धरून बसलेय मी," ती म्हणाली, "आणि तू एका शब्दाने बोलली नाहीस!"

चौदाव्या स्लाइडवर मी शिंप्याच्या खडूचे छायाचित्र घातले आहे. कल्पना मला सुचली.

शनिवार, २२ फेब्रुवारी

चोवीस स्लाइड पूर्ण. चौदाही कोट आता तयार होऊन दांडीवर ओळीने लटकतात. बटणे लावलेली, मान ताठ, एकही कुजबुजत नाही. इतका शिस्तीचा वर्ग मला अठ्ठावीस वर्षांत मिळाला नव्हता. मी त्यांच्याकडे पाहून बोलते. तिसऱ्या कोटाचा खांदा किंचित उतरलेला आहे. त्याला ज्वालामुखी समजलेला नाही असे सारखे वाटत होते, म्हणून तो भाग पुन्हा सांगितला.

"तो खांदा मुद्दाम तसा आहे," धाकटी म्हणाली. "मोठ्या ड्रमवाल्याचा आहे तो. पट्ट्याने एक खांदा खाली गेलाय बिचाऱ्याचा."

तंत्रज्ञ मुलगी म्हणते, "मॅडम, आवाज फार छान येतोय. शेजारी बसून सांगितल्यासारखा. आता जागा अजिबात बदलू नका हं." प्रयत्नांची संख्या दर स्लाइडला एकतीसवरून तीनवर आली आहे. ही घसरण काळजी करण्याजोगी आहे. तरीही झोप उत्तम लागते.

विभागप्रमुखांकडून निरोप : आतापर्यंत नऊ नावे. नऊ! मी ही बातमी सांगितली तेव्हा धाकटी नेमकी सुईत दोरा ओवत होती. वर पाहिलेसुद्धा नाही. "अजून बरेच दिवस आहेत," म्हणाली. तिला या प्रश्नाचे गांभीर्य कळत नाही.

शनिवार, १ मार्च

परीक्षेच्या कामासाठी पाच दिवस परगावी होते. आज दुपारी परतले, कपडेही न बदलता शिवणखोलीत जाऊन पंचविसावी स्लाइड मुद्रित केली, आणि पुन्हा ती विहिरीतली बाई.

दांडी रिकामी होती. कोट गुरुवारी गेले. त्यांच्यापायी तागेही निम्मे संपले होते. भिंती उघड्या पडल्या होत्या आणि माझे प्रत्येक वाक्य मला परत करत होत्या.

रजया टांगल्या, गाद्या उभ्या केल्या, पडदे काढून आणले. तंत्रज्ञ मुलीने नमुना ऐकला. "मॅडम, चोविसावी आणि पंचविसावी दोन वेगळ्या घरांतल्या वाटतात. सगळ्याच पुन्हा कराल का?" छत्तीसच्या छत्तीस, आणि विभागाला सर्व देण्याची मुदत सोमवारी सकाळी दहाची! अशक्य. उरलेल्या बारा स्लाइड मिळाल्याशिवाय विभाग लोकांसाठी नमुना पाठ खुला करणार नाही, आणि तो ऐकल्याशिवाय उरलेले एकतीस जण येणार कोठून?

मी जमिनीवर बसले. गेल्या कित्येक वर्षांत मी जमिनीवर बसलेली नाही.

"कोट परत आणते," धाकटी म्हणाली.

"उद्या संध्याकाळी बागेत कार्यक्रम आहे त्यांचा."

"संध्याकाळी. सकाळी काय करतायत ते?" आणि ती चप्पल घालून बाहेर पडलीसुद्धा.

रविवार, २ मार्च

सकाळी आठ वाजता घंटा वाजली. मी कोटांची अपेक्षा करत होते. कोट आले होते. परंतु प्रत्येकात एक माणूस होता.

"दांडीवर टांगले तर चुरगळतील म्हणत होते हे," धाकटी म्हणाली. "मग मी म्हटलं, माणसांसकट या."

बँडमास्तर पुढे झाले आणि मला सलाम ठोकला. ते टपाल खात्यातून निवृत्त झाले आहेत. "बाईंनी आमच्या अंगाला बसतील असे कोट पहिल्यांदा शिवून दिले," ते म्हणाले. "त्यांच्या ताईंसाठी तीन तास गप्प बसायचं म्हणजे काहीच नाही. अवघड आहे, पण काहीच नाही."

चौदा जण त्या खोलीत कसे मावले, ते मी अजूनही सांगू शकत नाही. काही जमिनीवर, पाच टेबलावर, दोन टेबलाखाली, वाद्ये व्हरांड्यात. मी टाळी वाजवली. टाळी विझली. माझ्या डोळ्यांत पाणी आले. गाद्या झटकल्यामुळे धूळ फार होती.

सूचना दिल्या : खोकायचे नाही, हलायचे नाही, बटणांशी खेळायचे नाही. पंचविसावी स्लाइड. दाब आणि उष्णता यांमुळे खडकाचे रूप कसे पालटते, हा भाग. मी कागद हातात घेतला, आधीची शांतता सोडली आणि तीन वाक्ये वाचली. तेवढ्यात समोर तिसरा कोट दिसला. उतरलेला खांदा आणि त्यावर एक गोल, प्रामाणिक, संपूर्ण गोंधळलेला चेहरा. त्याला खरोखरच समजत नव्हते.

मी कागद खाली ठेवला. टेबलावरची इस्त्री उचलली. म्हणाले, "चुरगळलेले कापड घ्या. वरून भार द्या, उष्णता द्या. कापड तेच राहते. एक धागा वाढत नाही, एक धागा कमी होत नाही. पण आता त्याला घडी आहे, धार आहे, ते निराळेच वागते. पृथ्वी हेच करते. फक्त तिची इस्त्री लाख लाख वर्षे फिरत असते."

"अस्सं होय!" ड्रमवाला मोठ्याने म्हणाला.

चौदा माणसे एकदम हसली. धाकटी टाचण्या सांभाळत नाकाने हसली. हे सर्व स्पष्टपणे मुद्रित झाले. नियमाप्रमाणे ही स्लाइड पुन्हा करणे आवश्यक होते. मी बोटभर शांतता सोडली आणि पुढचे बटण दाबले.

साडेअकराला बाराही स्लाइड संपल्या, प्रत्येक एकाच प्रयत्नात. तेहतिसावीवर ट्रॉम्बोनवाल्या दंतवैद्याची शिंक आहे. एकतिसावीवर कोणीतरी "आणि मग?" असे विचारले आहे आणि मी, परमेश्वरा, उत्तर दिले आहे.

शेवटचे वाक्य संपवून मी शांतता सोडली. बँडमास्तरांना वाटले काम झाले. त्यांनी बोट वर केले, सगळे व्हरांड्यात धावले आणि पुढच्याच क्षणी असा काही दणदणीत सूर उठला की टेबलावरच्या कात्र्या नाचू लागल्या. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ रागाने खाली आले ते तिथेच पायरीवर बसून पायाने ताल धरू लागले. धाकटी दारात उभी राहून आपले कोट वाजताना पाहत होती. ड्रमवाल्याचा खांदा अगदी सरळ दिसत होता.

मुद्रण थांबवण्याचे बटण दाबायचे माझ्याकडून राहून गेले, असे मी तंत्रज्ञ मुलीला कळवले आहे.

सोमवार, १० मार्च

पंचविसावी स्लाइड नमुना पाठ म्हणून खुली झाली. निवड तंत्रज्ञ मुलीची. मी ग्रॅनाइट सुचवला होता. तिने विचारले, "मॅडम, हसणं काढून टाकू का? आणि शेवटच्या स्लाइडचं संगीत?" मी म्हणाले की, मूळ पुराव्यात फेरफार करणे संशोधनाच्या नीतीला धरून नाही.

आज सकाळी अठरा नावे. रात्री जेवताना एक्केचाळीस. धाकटीने आकडा ऐकला, ड्रम नसतानाही हातातला डाव टेबलावर तीन वेळा आपटला आणि ड्रमवाल्याच्या आवाजात म्हणाली, "अस्सं होय!" आम्ही दोघी वेड्यासारख्या हसलो. दोन सुजाण स्त्रियांना हे शोभत नाही.

शनिवार, १५ मार्च

आज अंतिम यादी आली. त्र्याण्णव नावे. विभागप्रमुखांनी सोबत दोन ओळी लिहिल्या आहेत : "मॅडम, मीही ऐकणार आहे, या वेळी पुढच्या बाकावर बसून. बिस्किटं चालतील का?" त्यांना एवढा विनोद येत असेल असे वाटले नव्हते.

यादी नोंदणीच्या क्रमाने आहे. पहिल्याच ओळीत माझे आडनाव. लिपिकाने प्राध्यापकाचे नाव विद्यार्थ्यांत घुसडले, अशी तक्रार मी लिहायलाही घेतली. दोन वाक्ये झाल्यावर आडनावाआधीचे नाव वाचले.

नोंदणीची वेळ : ५ फेब्रुवारी, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटे. शिक्षण : आठवी उत्तीर्ण. 'हा अभ्यासक्रम का निवडलात?' या रकान्यात तीन शब्द : 'अर्धवट राहिला होता.'

पाच फेब्रुवारीला मी एकही स्लाइड धड केलेली नव्हती. मायेचे कापड नव्हते, इस्त्री नव्हती, हसणे नव्हते. होती ती विहिरीतली बाई. तिच्यासाठी नाव दिले होते हिने. आणि मी दहा मिनिटे कळांवरची पूड पुसत बसले.

तक्रारीचा कागद फाडला. बाहेर जाऊन दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची एक वही आणली. माझ्या घरचे नळ मंगळवारीच दुरुस्त झाले आहेत. ते अद्याप येथे कोणाला सांगितलेले नाही, आणि तूर्त सांगण्याचे प्रयोजन दिसत नाही.

चार वाजता शिवणखोलीत गेले. तिने न सांगता मशीन थांबवले. मी वही टेबलावर ठेवली.

"अग्निज खडकाची व्याख्या," मी म्हणाले. आवाज पहिल्या प्रयत्नात नीट आला नाही.

तिने वही उचलली, पुढून पाहिली, मागून पाहिली, हातात तोलून पाहिली. मग उठली, खिडकीपाशी गेली, दोन्ही तावदाने ओढून घट्ट लावली, कडी घातली, कडी लागली का ते एकदा हलवून पाहिले आणि परत येऊन समोर बसली.

"हं," ती म्हणाली. "आता शिकव."

मी आधी हसले. हे नोंदवून ठेवते.